अनुभव धागा : जुन्या पानांतला वर्णभेद कसा वाचायचा?

बडोद्यात जुने कागद वाचणारे, शिकवणारे, भाषांतर करणारे पुष्कळ आहेत. मजकुरात वर्णद्वेष कुठे लपतो आणि तो कसा ओळखायचा, हे आपापल्या कामातून सांगा. आत्मकथन नको, पद्धत हवी.

मांडवीकर (कागदपत्रे)

बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्या चौकशीपासून सुरुवात करा. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट (दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी) कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला. १८७५च्या फेब्रुवारीत चौकशी मंडळ बसले, त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी. तिन्ही इंग्रजांनी आरोप सिद्ध धरला. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव या तिन्ही हिंदी सदस्यांनी धरला नाही. तरीही मल्हारराव पदच्युत झाले, आणि जाहीरनाम्यात कारण दिले ते गैरकारभाराचे.

म्हणून इंग्रज सदस्यांचे मत, हिंदी सदस्यांची मते आणि जाहीरनामा हे कागद शेजारी शेजारी ठेवूनच वाचावेत. एकटा पहिला कागद घेतला की ‘विष घालणारा राजा’ एवढेच हाती लागते, आणि कितीतरी लेखांत तेच उतरलेले दिसते. आणखी एक चूकही होते. हिंदी सदस्यांनी ‘आपल्या माणसाची बाजू घेतली’ असे लिहिणारे इंग्रजांच्या मताला मात्र निकाल म्हणतात. दोन्हींना एकच शब्द वापरा. मग साक्षींकडे वळा. रेसिडेन्सीतल्या नोकराची जबानी माफीच्या आश्वासनावर मिळालेली होती, हे तिच्या शेजारीच लिहा. गैरकारभाराचा आरोप मात्र बनावट समजू नका, त्याची वेगळी चौकशी १८७३ मध्येच झाली होती. इंग्रजांचा पूर्वग्रह दाखवण्यासाठी मल्हाररावांना निर्दोष ठरवण्याची गरज नाही.

भाषांतर करणारी

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचे संवाद मराठीत आणताना सगळ्यात मोठा घात बोलीचा होतो. नोकराच्या तोंडी वऱ्हाडी किंवा खानदेशी घातली की वाचक हसतो, आणि मूळ पानावरचा अपमान आपल्याच एका बोलीवर येऊन पडतो. इथे तर गुजराती मिसळलेली बडोदी मराठी हाताशीच असते, तो मोह आवराच! शब्द न मोडता वाक्य आखूड करा, क्रियापद पुढे-मागे करा. बोलण्याची लय राहते, थट्टा होत नाही.

दुसरे, ‘निग्रो’ हा शब्द सरसकट पुसू नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काळे लेखक स्वतःसाठी तो वापरत. शिवी म्हणून येणारा शब्द वेगळा, त्याला मराठीतही शिवीचेच वजन द्या. दोन्ही ठिकाणी ‘कृष्णवर्णीय’ घातले की कोण कोणाचा अपमान करतो आहे तेच कळेनासे होते.

वाचनालयवाले

‘हबशी’ हा शब्द मुळात ‘हबश’ म्हणजे अबिसीनिया या प्रदेशावरून आला. मलिक अंबर हबशी होता आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारही त्याच्याच हाती होता. तोच शब्द पुढे मुलांच्या गोष्टींत भीती दाखवायला वापरला गेला. टीप देताना शब्द कोणत्या काळातला, हे आधी पाहा.

इतिहास शिकवणारे

‘आर्य वंश’ दिसला की तो वंश आहे की भाषाकुल, हे पेन्सिलीने समासात लिहायला लावा. भाषाशास्त्रज्ञ माक्स म्युलर यांनी स्वतः १८८८ मध्ये सांगितले की आर्य हा शब्द भाषेचा आहे, रक्ताचा किंवा कवटीचा नाही. तरी इंग्रज अधिकारी रिझ्ली नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले १०० असा आकडा काढून जातींची उतरंड लावतच राहिले, आणि १९०१ च्या जनगणनेचे आयुक्तही तेच होते. मुलांकडून हे गणित फळ्यावर करून घ्या. आकडा बरोबर येतो. मग विचारा की या आकड्यावरून माणसाची पायरी कशी ठरली?

जात आणि वर्णद्वेष यांची तुलना शिकवायची असेल तर जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका घ्या. गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण आहे. मात्र दोन्ही गोष्टी एकच असल्याचे फळ्यावर लिहू नका. १९१७ मध्ये न्यूयॉर्क, लंडनला शिकून बडोद्याच्या नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना या शहरात राहायला जागा मिळेना, ती कातडीच्या रंगामुळे नव्हे.

मांडवीकर

एक राहिले. ‘जन्मजात चोर’ असा उल्लेख आला की सन पाहा. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर सरकारी वर्णनांत अशी वाक्ये एकमेकांवरून उतरवली जात. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण जुने वाक्य नव्या पुस्तकात अवतरणचिन्हांशिवाय आले तर ते लेखकाचेच विधान होते. अवतरणचिन्हे घाला, तळटीपेत सन आणि लिहिणाऱ्याचे पद द्या. तळटीप दोन ओळींपेक्षा लांब नको.