अनुभव धागा : डाव्या हाताचा सलाम

हा धागा काढायला कारण झाली एक जुनी चित्रफीत. डिसेंबर २०१२, वॉशिंग्टनचं कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेचं संसद भवन. सिनेटर डॅनियल इनोये यांची शवपेटी घुमटाखाली ठेवलेली. ८९ वर्षांचे माजी सिनेटर बॉब डोल चाकाच्या खुर्चीतून येतात, मध्येच उठतात, एकाच्या आधाराने पेटीपर्यंत चालत जातात आणि डाव्या हाताने सलाम करतात. आपल्याला डॅनीने खुर्चीत बघू नये, असं त्यांचं म्हणणं. एक डेमोक्रॅट, दुसरा रिपब्लिकन. दोघंही एप्रिल १९४५ मध्ये, आठवड्याच्या अंतराने, इटलीत जखमी झालेले. डोल यांचा उजवा हात कायमचा निकामी झाला, इनोयेंचा गेलाच.

रणातून परतून कायदेमंडळात गेलेल्यांचा मान तुम्ही कुठे, कसा पाहिलात? लिहा. पाहिलेलंच लिहा.

मिशिगनहून

मी बॅटल क्रीकजवळ सात वर्षं नोकरी केली. गावात एक उंच मनोऱ्याची इमारत आहे. आधी ते डॉ. केलॉग यांचं आरोग्यधाम होतं, दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय झालं. हातपाय गमावलेले जवान तिथे यायचे. डोल, इनोये आणि नॉर्मंडीत जखमी झालेले फिलिप हार्ट हे तिघेही तिथले रुग्ण. तिघेही पुढे सिनेटर झाले. आता तिथे सरकारी कचेऱ्या आहेत, आणि २००३ पासून इमारतीला या तिघांची नावं आहेत.

इनोये सांगायचे, की पुढे काय करणार असं त्यांनी डोलना विचारलं, तेव्हा डोलनी सगळा बेत ऐकवला : आधी गावाकडे सरकारी वकील, मग राज्याचं विधिमंडळ, मग काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद. इनोयेंना तो पटला. गंमत म्हणजे १९५९ मध्ये तेच आधी पोहोचले आणि डोलना कळवलं, मी आलो, तू कुठे आहेस?

माझे बाबा सातारा जिल्ह्यातले, निवृत्त सुभेदार. १९७१ च्या लढाईत त्यांची दोन बोटं गेली. ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांना ही इमारत दाखवायला नेलं. मी नावं वाचून दाखवली, गोष्ट सांगितली. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दवाखान्याला डॉक्टरचं नाव देतात. इथं पेशंटांचं दिलंय." आणि टाचा जुळवून उभे राहिले. मी त्यांना घरी परत आणेपर्यंत गाडीत रडत होते, ते मात्र शांत होते.

होनोलुलूला जाऊन आल्यावर

तिथल्या विमानतळाला २०१७ पासून इनोयेंचं नाव आहे. लेकीने विचारलं, हे कोण? मी तिला न्हाव्याची गोष्ट सांगितली. युद्धावरून परतताना, अंगावर गणवेश, छातीवर पदकं, उजव्या हाताच्या जागी लोखंडी आकडा, आणि कॅलिफोर्नियातल्या न्हाव्याने इनोयेंचे केस जपानी वंशाचे म्हणून कापायला नकार दिला. मग शपथविधीची सांगितली. ऑगस्ट १९५९ मध्ये सभापती म्हणाले, उजवा हात वर करा. वर गेला तो डावा. सभागृह गप्प झालं. सर्वोच्च शौर्यपदक मात्र त्यांना २००० साली मिळालं, ५५ वर्षांनी! मला त्या विमानतळापेक्षा हा उशीर जास्त लक्षात राहिला.

व्हर्जिनियाहून

आमच्या शेजारचे आजोबा पॅसिफिकमध्ये लढलेले. त्यांना वॉशिंग्टनचं महायुद्ध स्मारक दाखवायला घेऊन गेले होते. शनिवार होता. डोल तिथे बसून येणाऱ्या प्रत्येक जुन्या सैनिकाशी बोलत होते. हे स्मारक उभारण्यासाठी निधी जमवणाऱ्यांत तेच पुढे होते. आजोबांनी सवयीने उजवा हात पुढे केला, डोलनी तो डाव्या हाताने धरला. दोघं जेमतेम दोन मिनिटं बोलले असतील. आजोबा घरी येईपर्यंत तोच हात मांडीवर ठेवून होते.

हनोईमधला अनुभव

त्रुक बाख तळ्याच्या काठी एक दगडी स्मारक आहे. २६ ऑक्टोबर १९६७ ला अमेरिकी वैमानिक जॉन मकेन यांचं विमान पाडलं, ते याच तळ्यात उतरले आणि पकडले गेले. व्हिएतनामने आपल्या विजयाची खूण म्हणून हे स्मारक उभारलं. साडेपाच वर्षांच्या कैदेनंतर मकेन सुटले, तेही आधी मिळत असलेली सुटका नाकारून. हात खांद्याच्या वर नेता येत नसत, स्वतःचे केस विंचरता येत नसत. पुढे सिनेटर म्हणून दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळवायला त्यांनीच जोर लावला. ऑगस्ट २०१८ मध्ये ते गेले तेव्हा हनोईतल्या लोकांनी त्याच दगडापाशी फुलं ठेवली. मी नंतर गेलो, फुलं नव्हती. तरी तिथून पाय निघेना.

नगरहून

आपल्याकडचं एक नाव : मेजर जनरल राजिंदर सिंग 'स्पॅरो'. १ नोव्हेंबर १९४८ ला त्यांनी झोजी ला खिंडीत रणगाडे चढवले. महावीर चक्र दोनदा. पुढे जालंधरचे खासदार. नगरच्या रणगाडा संग्रहालयात मी शाळेतल्या मुलांना नेतो, तेव्हा रणगाड्यांबरोबर ही खासदारकीही सांगतो.

आणि एक, विषय थोडा सोडून. डोल जखमी झाले त्याच्या पाच दिवस आधी, ९ एप्रिल १९४५ ला, इटलीतच सेनिओ नदीवर आमच्या जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव होते. दोन जखमी साथीदारांना त्यांनी पाण्यातून, सुरुंगांतून पलीकडे आणलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना. तेव्हा ती टाकून हातबॉम्ब फेकले, आणि बांधावर चढून मराठ्यांची गर्जना केली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते आमदार-खासदार नव्हते. पण हाताचं लिहिलंत, म्हणून राहवलं नाही.