‘परसदार’ ग्रुप: तिबोटीचं घरटं कुणाला दाखवायचं?

दादा: [फोटो] न्हाणीमागची दरड, आज सकाळी पाऊस जरा उघडला तेव्हा. तिबोटी खंड्या. चोचीत सापसुरळीचं पिल्लू आहे, मोठा करून बघा.

आत्या (ठाणे): अगं बाई, हा खरा पक्षी आहे का रे? की हल्ली ते कंप्युटरवर बनवतात तसलं काही?

दादा: खरा आहे आत्या. एवढुसा, जेमतेम चिमणीएवढा. त्यात चोचच केवढी मोठी. पोट पिवळंजर्द आणि पाठ निळी-जांभळी.

काका (डोंबिवली): आपल्या घरामागे? मी त्याच न्हाणीत अंघोळ करून लहानाचा मोठा झालो. कधी दिसला नाही बुवा.

अप्पा: दर पावसाळ्यात येतो. तू पावसात घराबाहेर पडायचास कधी

ताई (नाशिक): 😂😂 काका, गप्प बसा आता.

दादा: अप्पांचं खरं आहे. हा कोकणात येतो तोच पावसाबरोबर, पिल्लं काढायला. मातीच्या दरडीत बोगद्यासारखं बीळ कोरतो, नर-मादी दोघंही आळीपाळीने अंडी उबवतात, भरवतात. आपल्या रायगडचा जिल्हा पक्षी आहे तो. मला पत्ता लागला तो अप्पांमुळे. चहा पिताना म्हणाले, ‘तो बघ, आला.’ मला काहीच दिसेना. त्यांनी नुसती शिट्टी ऐकली होती, एकच बारीक ‘ची’. पऱ्ह्याच्या पाण्याच्या आवाजात मला ती ऐकूसुद्धा आली नव्हती. आता माझ्या लेकीला, चिऊला ऐकू येते आणि मला अजूनही तिला विचारावं लागतं.

वहिनी: पुण्यात असताना याच माणसाने भिगवणला रोहित पक्षी बघायला पहाटे चारला गाडी काढलेली आहे. आम्ही झोपलेले असताना जायचं आणि दुपारी येऊन स्वतः झोपायचं. रविवार संपला. फोटो हार्ड डिस्कमध्ये, ते कुणी बघायचे ते देव जाणे.

दादा: मान्य. भिगवणला मजा होती, पण एकेका थव्याभोवती होड्या किती असायच्या तेही आठवतंय.

बबड्या (पनवेल): दादा, कडक फोटो! लोकेशन टाक ना. शनिवारी आमच्या कॅमेरा ग्रुपचे सहा-सात जण येतो. हाइड, म्हणजे लपून बसायचा तंबू, आमच्याकडे आहे, बिळासमोर लावू. दोन तासांत काम होईल.

दादा: शनिवारी या सगळे. जेवायला या. बिळासमोर नाही.

बबड्या (पनवेल): हे काय आता? स्वतः काढलास आणि आम्हाला नाही?

दादा: मी न्हाणीच्या खिडकीतून काढलाय रे. लांबचं टिपणारी चारशेची लेन्स, खाली तांदळाची पिशवी. आणि फोटो बिळाचा नाहीच. खाऊ घेऊन आला की तो आधी करंजाच्या फांदीवर थांबतो, इकडेतिकडे बघतो, मान वरखाली करतो, मग सूं करून बिळात. त्या थांबण्याचाच फोटो काढायचा. पावसात तिथे उजेड कसला, आयएसओ 3200 वर ताणूनही शटर 1/100 सेकंद उघडं ठेवावं लागतं, म्हणून दहातले आठ हललेले येतात. फ्लॅश लावायचा नाही.

आई: तांदळाच्या पिशवीचं सांगितलंस ते बरं केलंस. जुन्या जीनचा एक पाय कापून त्यात माझे चांगले तांदूळ भरलेत साहेबांनी. वर म्हणतात बीनबॅग.

बबड्या (पनवेल): अरे पण हाइडमध्ये बसलो तर पक्ष्याला कळणार पण नाही. सगळेच काढतात असे फोटो.

दादा: कळतं. काल गडग्यापाशी गवत कापायला माणूस आला होता, तो बिळाच्या वाटेत उभा राहिला. खेकड्याचं पिल्लू चोचीत धरून हा फांदीवर बसून राहिला. माणूस हटेपर्यंत आत गेला नाही. आत पिल्लं उपाशी. तुम्ही दोन तास म्हणताय. शिवाय समोरचं गवत तुडवलं की मुंगसाला, सापाला वाट मोकळी. आणि काही जण तर वाटीत खेकडे ठेवतात, शेवाळ लावलेली काठी रोवतात, म्हणजे पक्षी ‘फ्रेम’मध्ये बसावा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे ना, तिच्यात रानपक्ष्याच्या घरट्याला त्रास देणं पण धरलंय. बंदूक लागत नाही.

काका (डोंबिवली): बापरे. हे माहीत नव्हतं.

बबड्या (पनवेल): ठीक आहे, मग लपवून ठेव. उद्या कुणी ती दरड जेसीबीने कापून प्लॉट पाडला तर कुणाला कळणार इथे काय होतं ते? फोटो आहेत म्हणून लोकांना पक्षी माहीत आहेत.

दादा: हा मुद्दा बरोबर आहे तुझा. म्हणून नोंद करतोच आहे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाकतो, पण जागा धूसर करून; नकाशावर नेमका ठिपका दिसत नाही. तेही पिल्लं उडून गेल्यावर.

बबड्या (पनवेल): बरं, निदान ओरिजिनल फाइल तरी पाठव. डॉक्युमेंट म्हणून टाक, इथे क्वालिटी मार खाते.

दादा: डॉक्युमेंट म्हणून टाकली की फाइलमधली जागेची माहितीही सोबत जाते. ग्रुपवरून कुठे फॉरवर्ड होईल सांगता येत नाही. आलास की कार्डवरून घे.

ताई (नाशिक): तुमचं भांडण झालं असेल तर एक विचारू? दादा, तुझा जुना कॅमेरा माझ्याकडे पडलाय, लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय.

दादा: बुरशी. दुरुस्तीवाल्याला दाखव, स्वतः उघडू नकोस. आमच्याकडे तर पावसाळ्यात हेच मोठं संकट. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ओल धरली म्हणून समजायचं, तापवून पुन्हा वापरायचे.

आई: हवाबंद डबा म्हणजे माझा गव्हाचा डबा. तांदूळ गेले, आता डबा गेला. मुलगा घरी आला म्हणून देवापुढे साखर ठेवली होती मी.

आत्या (ठाणे): 🤣 आणि तुमच्या लिंबाचं काय झालं? अळ्या पडल्यात म्हणत होतात.

आई: औषध मारणार होते हो. चिऊ आडवी आली. म्हणे आजी, ही फुलपाखराची आहे. आधी मला वाटलं पानावर पक्ष्याने घाण केलीय, तश्शीच दिसते बारीक असताना. मग हिरवीगार झाली. रोज शाळेतून आली की दप्तरासकट लिंबाखाली. झाडाची निम्मी पानं संपली, पण एक दिवस कोश फुटला आणि ते काळं-निळं निघालं, हाताच्या पंजाएवढं. दादाला हाक मारली तर साहेब मीटिंगमध्ये!

वहिनी: मीटिंगमधून ‘नेट गेलं’ म्हणून उठले. नेट गेलं नव्हतं.

दादा: नीलवंत होता. राज्याचं फुलपाखरू आहे, 2015 पासून. नेट खरंच अधूनमधून जातं, हे इथे नोंदवून ठेवतो.

चिऊ (आईच्या फोनवरून): त्याचे पंख आधी चुरगळलेले होते. आम्ही हात लावला नाही. बाबांनी फोटो काढले पण सगळ्यात चांगला मी काढला. आजीच्या फोनवर.

अप्पा: खरे आहे तिचाच चांगला

काका (डोंबिवली): बबड्या, काय ठरलं मग? तू जाणार असशील तर मला पनवेलला गाडीत घे. हा पक्षी बघितल्याशिवाय अप्पा मला जगू देणार नाही.

बबड्या (पनवेल): ग्रुपला कळवतो नाही म्हणून. चिडतील थोडे. दादा, मी एकटा ट्रायपॉड घेऊन येऊ?

दादा: न्हाणीत ट्रायपॉड उभा राहत नाही. तांदळाची पिशवी वापर.

आई: सगळे या. काकीला पण आणा. सातच्या आत अंघोळी उरकायच्या, त्यानंतर न्हाणी खंड्याची. आणि बबड्या, येताना पाच किलो तांदूळ घेऊन ये.