लाफ्काडिओ हर्न: 'क्वायदान'नंतर काय वाचावं?

पिंपळपान: जपानात स्थायिक झालेला इंग्रजी लेखक हर्न, त्याचं जपानी भुताखेतांच्या कथांचं 'क्वायदान' वाचून झालं आणि कोबायाशींचा त्याच नावाचा सिनेमाही पाहिला. सिनेमातल्या चारपैकी दोन कथा पुस्तकात नाहीतच. माझी आवृत्ती अर्धवट आहे का? त्याला जपानी धड वाचता येत नव्हतं म्हणतात, मग एवढा ऐवज मिळाला कुठून? चरित्रही सुचवा.

चकवा: आवृत्ती पूर्ण आहे. होइची आणि युकी-ओन्ना (हिमस्त्री) या दोनच कथा 'क्वायदान'मधल्या (१९०४). काळ्या केसांची कथा 'शॅडोइंग्ज'मधली (१९००), चहाच्या पेल्याची 'कोत्तो'मधली (१९०२). 'क्वायदान'चा शेवटचा भाग फुलपाखरं, डास आणि मुंग्यांवर आहे. भुतं संपली म्हणून बरेच जण तिथे पुस्तक मिटतात. मुंग्यांचा लेख तरी सोडू नका.

उंबरठा: ऐवज मिळाला तो बायकोमुळे. कोइझुमी सेत्सु जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून गोष्टी हुडकायची आणि रात्री सांगायची. पुस्तक समोर ठेवून वाचलेलं त्याला चालत नसे. तिने तिच्या शब्दांत, तिच्या विचाराने सांगावं असा हट्ट, आणि बोलणं दोघांच्या मोडक्यातोडक्या घरगुती जपानीत. त्यामुळे मूळ कथेशी ओळ न् ओळ ताडून पाहिलंत तर पदरी निराशाच येईल. याला भाषांतर न म्हणता पुनर्कथन म्हणा. प्रस्तावना मात्र वाचाच. बहुतेक कथा कोणत्या जुन्या ग्रंथांतून आल्या ते तिथे आहे, आणि युकी-ओन्ना मुसाशी प्रांतातल्या एका शेतकऱ्याने सांगितली हेही.

चकवा: चरित्रांचं म्हणाल तर बिस्लंडबाईंचे दोन खंड (१९०६) पत्रांसाठी घ्या. त्या त्याच्या जुन्या स्नेही, तेव्हा कौतुक वजा करून वाचा. गूल्डचं पुस्तक (१९०८) उलट टोकाचं: हा डोळ्यांचा डॉक्टर, हर्नशी बिनसलेला. हर्नचा डावा डोळा शाळेत असताना खेळता खेळता गेला होता, आणि गूल्ड सगळं लेखन त्या अधू नजरेशी नेऊन जोडतो. सुरुवात त्याच्यापासून करू नका. जोनाथन कॉट त्यापेक्षा बरा. हर्नच्या अमेरिकेतल्या, सिनसिनाटी आणि न्यू ऑर्लिन्सच्या बातमीदारीतले उतारे भरपूर मिळतात.

उंबरठा: सहमत. भर एवढीच, की तारखांचा कागद शेजारी ठेवा. एप्रिल १८९० ला योकोहामा, ऑगस्टअखेरीस शिक्षक म्हणून मात्सुए या जपानी गावात, नोव्हेंबर १८९१ ला कुमामोतो, १८९४ ला कोबे, १८९६ पासून तोक्यो विद्यापीठ. मात्सुएत जेमतेम सव्वा वर्ष. जपानवरच्या त्याच्या 'ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलिअर जपान'चे दोन खंड आले १८९४ साली, म्हणजे गाव सुटल्यावर तीन वर्षांनी. त्यातला गोडवा वाचताना हे ध्यानात असू द्या, नाहीतर सगळा मेजी काळातला (१८६८–१९१२) जपान तसाच होता असं वाटून बसेल. त्या गोडव्यावर उतारा म्हणून लगेच 'कोकोरो' (१८९६) घ्या. पहिलीच गोष्ट कुमामोतो स्टेशनवर आणलेल्या खुन्याची आहे.

पिंपळपान: आभार. हर्नने जपानी नागरिकत्व १८९६ मध्येच का घेतलं? जपानप्रेम?

उंबरठा: प्रेम होतंच, पण कारण कायद्याचं. परदेशी माणसाशी रीतसर लग्न केलं की बायकोचं जपानी नागरिकत्व जायचं, आणि थोरला मुलगा १८९३ मध्येच झालेला. म्हणून हर्नच सेत्सुच्या घराण्यात दाखल झाला आणि कोइझुमी याकुमो झाला. १९०३ मध्ये विद्यापीठाने त्याला काढलं, जागेवर आले पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले नात्सुमे सोसेकी. पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर १९०४ ला तो हृदयविकाराने गेला. कबर तोक्योत झोशिगायाला आहे, सोसेकीही तिथेच.