मदत हवी: प्रोसेसर ६४-बिट, मग एआरएम६४ पॅकेज का नाकारलं जातंय?

रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डावरचा छोटा संगणक) आहे, ४ जीबी रॅमवाला. लिनक्स नुकतंच शिकायला घेतलंय, तेव्हा सोप्या भाषेत सांगा.

नोंदवहीचा एक प्रोग्राम टाकायचाय. त्याच्या दोनच डेब फाइली (प्रोग्राम बसवायची पॅकेजेस) मिळतात, एएमडी६४ (इंटेल-एएमडीच्या पीसीसाठी) आणि एआरएम६४ (६४-बिट एआरएम प्रोसेसरसाठी). ‘युनेम -एम’ चालवलं तर ‘एआर्च६४’ (एआरएम६४चंच दुसरं नाव) असं आलं, म्हणून दुसरी उतरवली. पण डीपीकेजी (डेब फाइल बसवणारी कमांड) म्हणतं की पॅकेज एआरएम६४ आहे आणि सिस्टम एआरएमएचएफ, म्हणजे ३२-बिट एआरएम. दोघांपैकी खरं कोण? आणि सगळं पुसून नव्याने टाकावं लागणार का? कार्डावर बरंच काही जमवलंय, म्हणून जिवावर आलंय.

उत्तर:
दोघंही खरं बोलतायत. युनेम फक्त कर्नलचं, म्हणजे ओएसच्या गाभ्याचं, सांगतं. ३२-बिट रास्पबेरी पाय ओएस टाकली तरी अलीकडे पाय ४ वर कर्नल ६४-बिटच सुरू होतो; वरच्या लायब्ररी आणि प्रोग्राम मात्र ३२-बिट राहतात. पॅकेज बसवताना बघायचं ते ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’. तिथे एआरएमएचएफ आलं की विषय संपला.

डीपीकेजीच्या ‘--ॲड-आर्किटेक्चर’ने एआरएम६४ जोडता येतं असं कुणीतरी सांगेलच. नवख्याने त्या फंदात पडू नये. त्या प्रोग्रामला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररीही ६४-बिट हव्यात, आणि त्या जुळवताना ॲप्ट (पॅकेजेस उतरवून बसवणारा प्रोग्राम) अडकून बसतं. दुसऱ्या कार्डावर ६४-बिट आवृत्ती लिहा, जुन्यावरून होम फोल्डर आणा. जुनं कार्ड तसंच राहू द्या.

धागाकर्ता:
आभार, डोक्यात प्रकाश पडला! ६४-बिट केलं तर रॅम जास्त खाईल का? आणि पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणारी कमांड) एक पायथन पॅकेज टाकताना तासभर कंपाइल चालतं, तेही यामुळेच?

उत्तर:
रॅम थोडी जास्त लागते, पण ४ जीबीत जाणवणार नाही. १ जीबीचा पाय असता तर विचार करायला सांगितलं असतं.

पिपचं बहुतेक हेच. आपल्या आर्किटेक्चरची तयार व्हील फाइल (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) मिळाली नाही की पिप सोर्स कोड घेऊन बांधायला बसतं. पॅकेजच्या डाउनलोड यादीत फाइलींच्या नावांचा शेवट बघा: ‘एआर्च६४’ असेल तर ६४-बिटवर झटक्यात बसेल, फक्त ‘एक्स८६_६४’ (एएमडी६४चंच दुसरं नाव) असेल तर तिथेही कंपाइलच. ‘एनी’ असेल तर कुठेही चालतं. पायथनची आवृत्तीही जुळायला हवी. नावात ‘सीपी३११’ (म्हणजे पायथन ३.११) असा आकडा असतो तो त्यासाठीच.

पॅकेज कोणतं ते लिहा, यादी बघून सांगतो.