ऊसतोडीवर ३६० मध्ये बातमी करायचीय, व्हीआरला आता काही अर्थ आहे का?

बीडची_बाभळ:
मास कॉमचं शेवटचं सेम, प्रोजेक्ट द्यायचाय. दसरा झाला की आमच्याकडून टोळ्या कारखान्यांकडे निघतात त्यावर करावं म्हणतेय, कॉलेजात एक ३६० कॅमेरा (एकाच वेळी चहूबाजूंचं टिपणारा) नुसता धूळ खात पडलाय. पण सर म्हणतात व्हीआरचं, म्हणजे हेडसेट घालून दृश्याच्या आत असल्यासारखं बघण्याचं, खूळ कधीच ओसरलं. खरंय का? आणि शूट करताना नेमकं काय सांभाळायचं?

जुना_डेस्कवाला:
सरांचं अर्धं खरंय. २०१५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने रविवारच्या अंकाबरोबर दहा लाखांवर गुगल कार्डबोर्ड, म्हणजे मोबाइल घालून व्हीआर बघायचे पुठ्ठ्याचे चष्मे, घरपोच टाकले, त्यात बघायला 'द डिस्प्लेस्ड', म्हणजे युक्रेन, दक्षिण सुदान आणि सीरियातली तीन विस्थापित मुलं. तिथपर्यंत भारीच. मग पुढच्या वर्षी यांनी रोज एक ३६० व्हिडिओ द्यायला घेतला, आता रोज उठून मान फिरवून बघावं असं काय घडतं हो? २०२१ मध्ये गुगलने कार्डबोर्ड विकणंच बंद केलं. पण तुझ्या विषयात जागाच बोलते, कोपी (मजुरांची झोपडी), उसाचा फड, मोळ्या चढवायला ट्रकला लावलेली फळी. तू कर बिनधास्त.

फडातला_फोटोवाला:
कॅमेरा डोळ्याच्या उंचीला लाव आणि हलवू नकोस, हलवलास की बघणाऱ्याला मळमळतं. मीटरभराच्या आत कोणी आलं की दोन लेन्सच्या जोडावर चेहरा फाटतो. मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढणारी बाई घ्यायची तर फळीच्या अगदी खाली नको, थोडं लांब, आणि शॉट लांबलचक ठेव, लोकांना आधी इकडंतिकडं बघायलाच वेळ लागतो.
मुख्य म्हणजे यात कॅमेऱ्यामागे असं काही नसतंच! टोळी आणणारा मुकादम बाजूला उभा असला तर तोही फ्रेममध्ये आणि मग उचलीबद्दल, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांबद्दल, कोण कशाला तोंड उघडेल. शिवाय बोलणारीची कोपी, ट्रॅक्टरचा नंबर सगळं दिसतं, नुसता चेहरा ब्लर करून भागत नाही. आवाज वेगळा घे, दुसरीकडे बसून.

शंकेखोर_काकू:
मला या प्रकाराचं एक खटकतं. नॉनी डे ला पेन्या या पत्रकार बाईंचं व्हीआरमधलं 'हंगर इन लॉस एंजेलिस' २०१२ ला सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला दाखवलं, फुकट अन्नाच्या रांगेत डायबेटिसचा माणूस कोसळतो, आवाज खरे पण दृश्य कॉम्प्युटरवर उभं केलेलं, आणि बघणारे रडत होते म्हणे. बरं, रडले, पुढे? कोपीत बसवून कोणालाही हळवं करता येईल गं, पण नवरा-बायकोची जोडी मिळून एकच 'कोयता' धरतात (मोजतात), उचल कोणाच्या नावावर असते, फिटली नाही तर पुढच्या सीझनला काय, हे हेडसेट घालून कळणारे का? ते लिहावंच लागेल.

बीडची_बाभळ:
काकू, मग तीनच ३६० शॉट आणि बाकी लेख असं करते. @फडातला_फोटोवाला पहाटे अंधारात निघतात तेव्हा या कॅमेऱ्यात काही दिसेल का?

फडातला_फोटोवाला:
नुसता नॉइज, म्हणजे दाणेदार खरखर, येईल. उजाडल्यावरच घे.