मदत हवी आहे: मुलांची भाषा शिकायचं ट्रेनिंग कुठे मिळेल?

खडूफळा: जूनमध्ये बदली होऊन इथे आलो, पहिली-दुसरी माझ्याकडे. मुलांच्या घरी कुणीच मराठी बोलत नाही. परवा एक मुलगी दारात उभी राहून "डा, डा" करत होती, मला वाटलं दादाला बोलावतेय, म्हणून चौथीतल्या भावाला हाक मारली तर तो म्हणतो सर, तिला पाणी पाहिजे. कधीची तहानलेली होती ती. फार लागलं मनाला. वरती विचारलं तर शब्दांच्या यादीची झेरॉक्स दिली, पण उच्चार सांगणार कोण? लवकर सांगा प्लीज.

रानवाट: जिल्हा कोणता, भाषा कोणती? गोंडी असेल तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावला जा, ग्रामसभेने 2019 पासून गोंडी शाळा चालवलीये.

पाढेवाला: पाण्याला डा म्हणजे भाषा कोरकू. मेळघाट ना? गोंडी द्राविडी, कोरकू मुंडा कुळातली, संथालीच्या नात्यातली. मोहगावला जाऊन भाषा नाही मिळणार.

खडूफळा: हो हो, धारणी तालुका. लिहायचं राहिलं.

तळोदेकर: पहिल्या दिवसापासून मराठीच बोला. नंदुरबारला 11 वर्षं काढलीत, सहा महिन्यांत पोरं धडाधड वाचतात. पुढे परीक्षा मराठीतच आहे.

पाढेवाला: वाचतात हो, अर्थ विचारला की गप्प. प्राथमिकला मातृभाषेतून शिकवायची सोय करा असं घटनेच्या 350 (अ) कलमात 1956 पासून लिहिलंय.

तळोदेकर: कलम वर्गात शिकवायला येत नाही सर.

सुट्टीची घंटा: अवघड क्षेत्रात 3 वर्षं काढा, बदलीला पात्र व्हाल.

खडूफळा: बदली नकोय मला!! मुलांशी बोलता यायला हवंय.

मेळघाटची लेक: मी कोरकूच. पहिलीत वर्षभर तोंड उघडलं नव्हतं, गुरुजींना वाटायचं मुलगी मंद आहे. ट्रेनिंगची वाट बघू नका. अंगणवाडीताई गावातलीच असेल तर शाळा सुटल्यावर अर्धा तास तिच्याजवळ बसा, आधी जेवण, पाणी, दुखणं, शू-शी एवढे शब्द घ्या. मग मिया, बारी, आपई म्हणजे एक, दोन, तीन, बेरीज त्यातच घ्या. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी आजीला वर्गात गोष्ट सांगायला बोलवा, तुम्ही खाली मुलांत बसा. आणि होळीला गावी जाऊ नका, आमच्या मेघनाथच्या सणाला थांबा.

खडूफळा: ताई, फळ्यावर कोरकू शब्द देवनागरीतच लिहू ना?

मेळघाटची लेक: लिहा की. आधी मुलांना म्हणायला लावा, मग लिहा, उच्चार चुकला तर तीच सांगतील.