रात्रीची मीटिंग आणि तीन देशांतली टीम

प्रश्न (जळगाव) :
नमस्कार. मी जळगावात घरी बसून सॉफ्टवेअरच्या टीमचे काम पाहते. चौघे इथले, दोघे बर्लिनचे, तिघे शिकागोचे. रोजची मीटिंग शिकागोच्या सकाळी नऊला असल्याने आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, तर हिवाळ्यात साडेआठ वाजतात. म्हणजे नेमकी घरातली पाने वाढायची वेळ. मार्चमध्ये बर्लिनच्या सहकाऱ्यांची मीटिंग लागोपाठ दोन दिवस चुकली. शिवाय इथे सकाळी काम अडले, तर शिकागोचे उत्तर रात्रीच येते आणि तोवर इथल्या चौघांचा दिवस वाया जातो. काय करावे?

उत्तर (धुळे) :
ताई, बर्लिनच्या मंडळींचा यात दोष नाही. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि युरोपात शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये या तारखा ८ आणि २९ मार्च अशा आहेत. मधल्या तीन आठवड्यांत शिकागोचे नऊ म्हणजे बर्लिनचे दुपारचे तीन, एरवी चार. शरदात २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर हा आठवडाही तसाच. या चारही रविवारांच्या आधीच्या शुक्रवारी तिन्ही गावांच्या वेळा लिहून पाठवत जा.

उत्तर (भुसावळ) :
वेळांचा प्रश्न त्याने सुटेल, पण वाया जाणारा दिवस सुटणार नाही, आणि माझ्या मते खरे दुखणे तेच आहे. माझे वडील रेल्वेत स्टेशन मास्तर होते. डायरीत लिहून चार्ज दिल्याशिवाय ते कधी घरी आले नाहीत, कारण पुढच्या माणसाला विचारायला ते तिथे नसत. आमच्या टीममध्ये आता प्रत्येक जण काम थांबवताना तसेच लिहितो. कालची एक नोंद अशी होती : ‘पेमेंटची चाचणी परताव्यापाशी अडली आहे. जुनी पद्धत ठेवावी असे मला वाटते. १४ तारखेला भारतीय वेळेनुसार सकाळी दहापर्यंत हरकत आली नाही, तर तसेच पुढे नेतो.’ ‘उद्या’ हा शब्द आम्ही लिहीतच नाही, कारण शिकागोचा उद्या आणि आपला उद्या एक नसतो. मात्र ज्या निर्णयातून माघार घेता येत नाही, तिथे गप्प राहण्याला होकार समजू नये. मीटिंगही रोजची नको. आठवड्यातून दोन पुरतात, आणि एक महिना तुम्ही, तर एक महिना शिकागोने अडचणीची वेळ घ्यावी.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. सोमवारपासून नोंदी सुरू करते. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाई या आपल्या खानदेशी सणांचे दिवसही आताच सामायिक कॅलेंडरमध्ये टाकते आहे. गेल्या वर्षी ते सांगायचे राहिले होते आणि कानबाईच्या रोटांच्या, म्हणजे नैवेद्याच्या दिवशी मला लॅपटॉप उघडून बसावे लागले.